दिवस वाचतात, जीव वाचतो का?

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या १ मार्च २०१८च्या अंकात दोन मोठ्या चाचण्या पाठोपाठ छापून आल्या. प्रश्न दोन्हींचा एकच होता : जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या, आयसीयूत असलेल्या प्रौढ रुग्णाला स्टिरॉइड द्यावं का? ऑस्ट्रेलियातून चालवलेली ‘ॲड्रिनल’ चाचणी म्हणाली, मृत्यू कमी होत नाहीत. फ्रान्समधली चाचणी म्हणाली, होतात. एकाच अंकात, लागोपाठच्या पानांवर. सेप्टिक शॉकमधला रुग्ण तज्ज्ञांचं एकमत होईपर्यंत थांबत नाही. खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला त्याच रात्री काहीतरी ठरवावं लागतं. मी पुण्यात आयसीयूत काम करते आणि मला ते ठरवावं लागतं.

सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसादच ताळतंत्र सोडतो आणि आपल्याच मूत्रपिंडांवर, फुप्फुसांवर, मेंदूवर उलटतो. पुरेसं सलाइन देऊनही रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रिनॅलिनसारखं औषध सतत चालू ठेवावं लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट चढलेलं राहतं, तेव्हा तो सेप्टिक शॉक. २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसने सुमारे १ कोटी १० लाख माणसं गेली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता.

ज्यांच्याकडे मी मेडिसिन शिकले ते सर आता निवृत्त होऊन मिरजेला राहतात. स्टिरॉइडच्या, म्हणजे मुख्यतः हायड्रोकॉर्टिसोनच्या, बाबतीत त्यांचं आणि माझं पटत नाही. आमच्यात या विषयावर वेळोवेळी जे बोलणं झालं ते सलग करून खाली मांडते आहे. त्यांची बाजू मी हलकी केलेली नाही. ती हलकी नाहीच.

सर : आधी मला हे सांग, तू हायड्रोकॉर्टिसोन लिहितेस ते कशासाठी? पेशंट वाचावा म्हणून, की मॉनिटरवरचा आकडा सुधारावा म्हणून?

मी : तो शॉकमधून लवकर बाहेर यावा म्हणून.

सर : शॉकमधून बाहेर येणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत गं. आमच्या पिढीने हे पेशंटच्या जिवावर शिकून घेतलंय. १९७६ साली अमेरिकेतल्या विल्यम शूमर या सर्जनचा पेपर आला. सलाइन दिलेल्यांत ३८.४ टक्के मृत्यू, स्टिरॉइड दिलेल्यांत १०.४ टक्के. हे वाचून कोण स्वस्थ बसेल? आम्ही रेसिडेंट असताना डोस तोंडपाठ होता : किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. बीपी वर यायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय. बाहेर नातेवाइकांना सांगायचो, सुधारतोय. आणि पाच-सहा दिवसांनी पुन्हा ताप, दुसराच कुठला तरी जंतू, आणि पेशंट हातचा गेलेला.

मी : पण १९८७मध्ये त्यावर पडदा पडला.

सर : पडला, पण अकरा वर्षांनी! रॉजर बोन यांची चाचणी आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतली चाचणी, दोन्हींत जीव वाचल्याचा पुरावा नाही. बोन यांच्या चाचणीत ज्यांचं क्रिएटिनिन दोनच्या वर होतं त्यांच्यातले स्टिरॉइड मिळालेले ५९ टक्के दगावले, न मिळालेले २९ टक्के. एका पेपरच्या भरवशावर इतकी वर्षं जगभर हे चाललं होतं. तेव्हापासून मला कोणी म्हणालं, स्टिरॉइडने बीपी सुधारतं, तर मी विचारतो, पुढे?

मी : सर, त्या डोसचा हिशोब एकदा मांडू या. साठ किलोच्या माणसाला किलोमागे ३० म्हणजे १,८०० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. हायड्रोकॉर्टिसोनच्या मापात ते ९,००० मिलिग्रॅम होतात. आज मी दिवसाला २०० देते. तुमच्या वेळचा एक डोस म्हणजे माझे ४५ दिवसांचे डोस. आणि तुम्ही तो सहा-सहा तासांनी पुन्हा द्यायचात. नाव एक असलं तरी उपचार एक नाही. तेव्हा प्रतिकारशक्ती दाबून टाकायचा बेत होता. आज रक्तवाहिन्यांना नॉरॲड पुन्हा ओळखता यावं एवढाच आहे.

सर : ओळखता यावं म्हणजे?

हा प्रश्न त्यांनी मला तपासायला विचारला होता, पण उत्तर वाचकांसाठीही द्यायला हवं. शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात. नॉरॲड्रिनॅलिन त्यांना आवळायला सांगतं, पण दाहामुळे वाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड भरमसाट तयार होत असतं आणि ते त्या आज्ञेच्या उलट काम करतं. शिवाय नॉरॲडचा निरोप घेणारे रिसेप्टर थकलेले असतात. कॉर्टिसोल, म्हणजे आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचं संप्रेरक, नायट्रिक ऑक्साइडची ती निर्मिती आवरतं आणि रिसेप्टरना पुन्हा जागं करतं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कुपीतलं कॉर्टिसोलच. खाटेपाशी हे दिसतं ते असं : संध्याकाळी सिरिंज पंपावर नॉरॲडचा वेग तासातासाने चढवत होतो. रात्री नर्सने १०० मिलिग्रॅमच्या कुपीतलं अर्धं शिरेतून दिलं, पुढे दर सहा तासांनी तेवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच नर्स पंपाचा वेग उतरवत असते आणि रक्तदाब मात्र खाली येत नाही. प्रत्येक वेळी असं होत नाही, पण इतक्या वेळा होतं की ज्यांनी आयसीयूत रात्री काढल्यात त्यांना ते सांगावं लागत नाही.

सर : मान्य. पण मग ग्रंथी कमी पडतात म्हणून देतो, असं जे इतकी वर्षं सांगितलं त्याचं काय? २००२ला फ्रान्सच्या जिलाली अनान यांनी तीनशेच्या आसपास रुग्ण घेतले, ग्रंथीची इंजेक्शन देऊन परीक्षा घेतली, आणि जे त्या परीक्षेत नापास झाले त्यांच्यात मृत्यू ६३वरून ५३ टक्क्यांवर आल्याचं दाखवलं. सगळीकडे ती टेस्ट सुरू झाली. २००८ला ‘कॉर्टिकस’ आली, ४९९ रुग्णांची. स्टिरॉइड गटात ३४.३ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ३१.५. टेस्टमध्ये पास की नापास, फरक शून्य. वर नवीन इन्फेक्शनं जास्त. आणि २०१३ला बेल्जियमच्या ल्युवेनमधल्या लोकांनी दाखवलं की अत्यवस्थ माणसात कॉर्टिसोल चढलेलं असतं ते मुख्यतः त्याचं विघटन मंदावल्यामुळे. म्हणजे शरीर स्वतःच ते जपून वापरतंय. तिथे तू वरून आणखी ओततेस.

मी : टेस्ट सोडूनच दिली ना आम्ही. आता निर्णय नॉरॲडवर होतो. ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’च्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त नॉरॲड निदान चार तास लागत असेल तर स्टिरॉइडचा विचार करा. माझ्या साठ किलोच्या पेशंटला ते मिनिटाला १५ मायक्रोग्रॅम. ही खूण खाटेपाशी दिसते, तिला प्रयोगशाळा लागत नाही. ग्रंथी कमी पडली की नाही हा प्रश्न मला आज महत्त्वाचा वाटत नाही. कॉर्टिकसचं म्हणाल, तर तिच्यातही शॉक लवकर सुटला होता. जवळपास प्रत्येक चाचणीत तो लवकर सुटलाय. हा निष्कर्ष एकदाही उलटलेला नाही.

सर : आणि मृत्यूचा निष्कर्ष एकदाही टिकलेला नाही.

मी : २०१८?

सर : तेच म्हणतो. ॲड्रिनल चाचणीत ३,८०० रुग्ण होते, या विषयावर त्याआधी एवढी मोठी चाचणी झाली नव्हती. वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार काटेकोर काम केलंय. नव्वद दिवसांत मृत्यू २७.९ आणि २८.८ टक्के. याला मी फरक म्हणत नाही. फ्रेंच चाचणीत १,२४१ रुग्ण, ४३ विरुद्ध ४९.१ टक्के. तुझी पिढी त्या दुसऱ्या आकड्याकडे धावते.

मी : धावत नाही. पण दोन्हींतले रुग्ण एक नव्हते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत : आधी बघा, नमुन्यात कोण आहे. फ्रेंच चाचणीत औषध न मिळालेल्यांतलेही निम्मे दगावले, म्हणजे फार गंभीर लोक होते. त्यांच्यात जवळजवळ साठ टक्क्यांचा संसर्ग फुप्फुसांचा. ॲड्रिनलमध्ये तो पस्तीस टक्क्यांच्या आसपास, आणि शस्त्रक्रिया होऊन आलेले रुग्ण बरेच. ज्याचं आतडं फुटलंय, त्याचं पोट उघडून धुणं हाच उपचार. तिथे स्टिरॉइड काय करणार? न्यूमोनियाचं वेगळं आहे. २०२३च्या फ्रान्समधल्याच ‘केप कॉड’ चाचणीत गंभीर न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोनने २८ दिवसांतले मृत्यू ११.९वरून ६.२ टक्क्यांवर आले. कोविडमध्ये तर आपण सगळ्यांनी पाहिलं.

सर : कोविडचं तू काढू नकोस. त्यावर मी वेगळा बोलणार आहे.

ते वेगळे बोललेच, पण त्याआधी मला जो मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मांडते. सरांचा आग्रह असा की मृत्यू कमी होत नसतील तर बाकी सगळं गौण. मला हे पटत नाही. ॲड्रिनल चाचणीत स्टिरॉइड मिळालेल्यांचा शॉक मध्यकाने (मीडियन) तीन दिवसांत सुटला, न मिळालेल्यांचा चार दिवसांत. आयसीयूतून बाहेर पडायला दहा दिवस विरुद्ध बारा. रक्त चढवावं लागलं ते कमी जणांना. पेपरमध्ये हे तक्त्यातल्या खालच्या ओळींत असतं. वॉर्डात ते फार मोठं असतं.

नॉरॲडचा एक दिवस म्हणजे काय? मानेत सेंट्रल लाइन, मनगटात आर्टिरियल लाइन, त्या दोन्ही वाटांनी नवा संसर्ग शिरण्याची चोवीस तासांची संधी. वेग फार चढला की बोटांची टोकं गार, मग जांभळी, कधी काळी. नर्सला त्या खाटेपासून हलता येत नाही. पेशंटला झोपेच्या औषधावर ठेवायचं, हात-पाय हलत नाहीत, मांड्या डोळ्यांदेखत बारीक होतात. बाहेर बाकड्यावर घरचे. त्यांच्यात कोणीतरी एक जण फोन घेऊन कोपऱ्यात पैशांची जुळवाजुळव करत असतो. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबं आयसीयूचा एकेक दिवस स्वतःच्या खिशातून भरतात. काही जण पैसे संपले म्हणून पेशंटला घरी नेतात, आणि तो मृत्यू कुठल्या चाचणीत मोजला जात नाही. अशा ठिकाणी दोन दिवस आधी आयसीयूतून बाहेर पडणं म्हणजे उपचार पुरा होणं आणि अर्धवट सुटणं यातलं अंतर असू शकतं. आणि हायड्रोकॉर्टिसोन ही आयसीयूतल्या सगळ्यांत स्वस्त इंजेक्शनांपैकी एक आहे.

सर : हे तू चांगलं मांडलंस. पण पूर्ण नाही मांडलंस. त्याच चाचणीत रुग्णालयातून घरी जाण्याच्या वेळेत ठाम फरक नव्हता. सहा महिन्यांनी माणसं कशी जगतायत ते पाहिलं, तिथेही नव्हता. म्हणजे आयसीयूतून वॉर्डात दोन दिवस आधी गेले आणि पुढे सगळे सारखेच.

मी : बिल सारखं नाही.

सर : बरं, नाही. पण तोट्यांचाही हिशोब धर. साखर चढते. सोडियम चढतं. स्नायू दुबळे होतात, आणि हे मी वाचून सांगत नाही. शॉकमधून वाचलेला पस्तिशीचा माणूस पाहिलाय मी, पेला तोंडापर्यंत नेता येत नव्हता त्याला, बायको चमच्याने पाणी घालायची. स्टिरॉइडमुळेच झालं असं म्हणत नाही, शॉकनेही होतं. पण जिथे आधीच होणार आहे तिथे भर का घालायची?

मी : ॲड्रिनलमध्ये औषधाशी जोडलेले दुष्परिणाम १.१ टक्के विरुद्ध ०.३ टक्के होते. नव्या रक्तसंसर्गाचं प्रमाण दोन्ही गटांत सारखं. साखरेला इन्सुलिन आहे. स्नायूंचं तुम्ही म्हणता ते खरं. चाचण्या एकत्र केल्या की अशक्तपणाची थोडी वाढ दिसते. मी ती नाकारत नाही. म्हणूनच सात दिवसांच्या पुढे जात नाही.

सर : तू जात नाहीस. तुझ्यानंतर ड्यूटीवर येणारा जातो. वॉर्डात पाठवल्यावर तिथला जातो. डिस्चार्ज कार्डावर गोळी लिहिली जाते आणि पेशंट ती महिनाभर घेतो. मला भीती चाचणीची नाही, चाचणीनंतर जे होतं त्याची आहे. आता तुझा कोविड. २०२०मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने सांगितलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत दिवसाला ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने मृत्यू ४१.४वरून २९.३ टक्क्यांवर आले. ऑक्सिजनवरच्यांत थोडा फायदा. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात? १७.८ विरुद्ध १४. फायदा नाहीच, कल उलटा. एकाच पेपरात तिन्ही गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या. आपल्याकडे त्यातली पहिलीच पोचली. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये माणसं घरी बसून, तापाच्या दुसऱ्या दिवसापासून मिथाइलप्रेडनिसोलोनच्या गोळ्या घेत होती, प्रिस्क्रिप्शन व्हॉट्सॲपवर फिरत होतं. मग काळी बुरशी आली. महाराष्ट्र आणि गुजरातेत सर्वांत जास्त. साखर आटोक्यात नसलेला माणूस आणि त्यात बेहिशोबी स्टिरॉइड. डोळे काढावे लागले लोकांचे, वरचा जबडा काढावा लागला.

त्यावर मी लगेच काही बोलले नाही. तो उन्हाळा मीही पाहिलाय. टाळूवरचा काळा डाग टॉर्चच्या उजेडात पहिल्यांदा दिसला की पुढचं सगळं डोळ्यांसमोर येतं. सरांचं इथलं म्हणणं मी पूर्ण मानते : औषध जितकं स्वस्त आणि जितकं हाताशी, तितकी त्याभोवतीची कुंपणं भक्कम हवीत. पण २०२१मध्ये कुंपणं मोडली ती आयसीयूच्या बाहेर. शॉक नसताना, ऑक्सिजन लागत नसताना, डोस आणि दिवस न ठरवता. यावरून शॉकमधल्या माणसाला ते नाकारावं असं निघत नाही. शॉक नसलेल्या सेप्सिसमध्ये देऊ नये, हे मात्र निघतं. जर्मनीतल्या २०१६च्या चाचणीनेही हेच दाखवलं होतं : शॉक येऊ नये म्हणून आधीच हायड्रोकॉर्टिसोन दिलं, शॉक टळला नाही.

सर : आणखी एक गोष्ट. या चाचण्या बहुतेक युरोप-ऑस्ट्रेलियातल्या. तुझ्या आयसीयूत जुलै-ऑगस्टमध्ये काय असतं? मलेरिया, लेप्टो, स्क्रब टायफस. १९८२ला थायलंडमध्ये मेंदूच्या मलेरियात डेक्सामेथासोन देऊन पाहिलं, तर बेशुद्धी लांबली आणि गुंतागुंत वाढली. स्टिरॉइडने सूज उतरेल म्हणून दिलं होतं.

मी : आणि १९८४ला जाकार्तात गंभीर विषमज्वरात डेक्सामेथासोनने मृत्यू ५५.६वरून १० टक्क्यांवर आले. तेही आपल्याकडचंच दुखणं.

सर : अडतीस रुग्ण होते त्यात.

मी : हो, लहान होती. पण दोन्ही एकत्र ठेवून मला एवढं दिसतं की ‘संसर्गात स्टिरॉइड’ असा प्रश्नच चुकीचा आहे. कुठला जंतू, कुठला अवयव, कुठल्या टप्प्यावर, हे विचारायला हवं. म्हणून मी आधी जंतू शोधते, अँटिबायोटिक पहिल्या तासात देते, पू असेल तर निचरा करायला सर्जनला बोलावते. मलेरियाची तपासणी झाल्याशिवाय स्टिरॉइडला हात लावत नाही. टीबीचा संशय असेल तर छातीचा फोटो दोनदा बघते.

सर : आता ब्रिटनमधल्या ‘व्हॅनिश’ चाचणीचं २०१९चं विश्लेषण वाचलंस ना? रुग्णांच्या रक्तातून जनुकं कशी काम करतायत ते पाहून त्यांनी दोन गट पाडले. ज्यांची प्रतिकारशक्ती तुलनेने शाबूत होती, त्या गटात हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत मृत्यू जास्त होते. तुझ्यासमोर दोन खाटांवर दोन पेशंट आहेत, दोघांचं नॉरॲड सारखं, आणि एकाला हे औषध मारक आहे. कुठला, ते तुला कळत नाही.

मी : कळत नाही. उद्या तसली तपासणी खाटेपाशी आली तर मी पहिली वापरीन. आज ती नाही, आणि एका चाचणीच्या मागाहून केलेल्या विश्लेषणावर मी शॉकमधल्या सगळ्यांचं औषध बंद करणार नाही. अनेक चाचण्यांतल्या प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून २०२३ला जे छापलं गेलं, १७ चाचण्या, ७,८८२ रुग्ण, त्यात मृत्यूचा धोका किंचित कमी दिसला, पण सिद्ध म्हणावं इतका नाही. म्हणून मी नातेवाइकांना कधी सांगत नाही की हे औषध जीव वाचवेल. सांगते की याने बीपीचं औषध लवकर कमी होईल, साखर वाढू शकते, आम्ही लक्ष ठेवू. तुम्ही रेसिडेंट असताना बाहेर जे सांगत होतात, ते मी सांगत नाही.

सर यावर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मिरजेच्या आपल्या जुन्या ओपीडीतली एक गोष्ट काढली, आणि तिथे आम्हा दोघांचं पहिल्यांदाच पूर्ण जमलं. त्यांच्याकडे गुडघेदुखीचे असे पेशंट यायचे ज्यांना कुणी वैदू, कुणी झोलाछाप डॉक्टर ‘जडीबुटीची’ पुडी द्यायचा. पुडीने आठवड्यात चालायला लागायचे. चेहरा गोल व्हायचा, हातावरची कातडी कागदासारखी पातळ, साधा धक्का लागला तरी निळे डाग. पुडीत स्टिरॉइड कुटलेलं असायचं. वर्षभर ते घेतलं की स्वतःच्या ग्रंथी काम सोडून देतात. अशी बाई न्यूमोनिया होऊन आयसीयूत आली, घरचे म्हणाले काही औषध चालू नाही, पुडी हे औषध आहे असं त्यांना वाटतच नाही, की तिचा रक्तदाब कशानेच वर येत नाही. तिला हायड्रोकॉर्टिसोन द्यावं का हा वादाचा विषय नाही. ते न देणं म्हणजे तिला मरू देणं. मी आता शॉकच्या प्रत्येक पेशंटच्या घरच्यांना विचारते : सांधेदुखीची, दम्याची, अंगावरच्या डागांची, कुठलीही पुडी, काढा, गोळी, मलम? ‘औषध’ हा शब्द न वापरता विचारते. बॅगेत पिशवी असेल तर उघडून बघते.

सर : एवढं केलंस तर अर्धा वाद मिटला. मग माझ्या तीन अटी घाल. नॉरॲडचा आकडा लिहून मगच स्टिरॉइड सुरू कर. दिवसाला २००च्या वर जाऊ नकोस. आणि बंद कधी करणार ते त्याच दिवशी केसपेपरवर लिही.

मी : पहिल्या दोन मान्य. तिसरीत तारीख नाही लिहिणार, नॉरॲड थांबलं की बंद असं लिहीन, आणि जास्तीत जास्त सात दिवस. २०१८च्या दोन्ही चाचण्यांत सात दिवसांनी डोस हळूहळू न उतरवता थेट थांबवला होता. मी बहुतेकदा तसंच करते. बंद केल्यावर बीपी पुन्हा घसरलं तर पुन्हा सुरू करते. वॉर्डात पाठवताना डिस्चार्ज नोटमध्ये स्टिरॉइड बंद केल्याचं ठळक लिहिते, म्हणजे पुढचा कोणी गोळी चालू ठेवणार नाही.

सर : आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीला द्यायची ती दुसऱ्या स्टिरॉइडची गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन?

मी : फार चढ्या नॉरॲडवर असलेल्या न्यूमोनियाच्या पेशंटला देते.

सर : २०१०ला अनान यांनीच ५०९ रुग्णांत हायड्रोकॉर्टिसोनला फ्लुड्रोकॉर्टिसोनची जोड देऊन पाहिली होती. मृत्यू ४२.९ विरुद्ध ४५.८ टक्के. सिद्ध काही झालं नाही. ती गोळी, तीही नाकातल्या नळीतून, शॉकमध्ये रक्तपुरवठा तुटलेल्या आतड्यात जाते. एका छोट्या अभ्यासात साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या रक्तात ती सापडलीच नाही. मग तू का देतेस ती?

मी : अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२३ला ८८ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास झाला. दोन्ही मिळालेल्यांत दगावलेले किंवा हॉस्पिसला पाठवलेले ४७.२ टक्के, फक्त हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत ५०.८. आणि सतरा चाचण्यांच्या त्या एकत्रित हिशोबातही फायदा दिसला तो या जोडीचाच.

सर : नोंदींचा अभ्यास म्हणजे चाचणी नव्हे. ज्या डॉक्टरला ती गोळी द्यावीशी वाटते तो बाकी गोष्टींतही जास्त जागरूक असू शकतो. आणि जोडीचा फायदा दाखवणारे आकडे मुख्यतः एकाच देशातले, एकाच गटाचे.

मी : हे खरंय. म्हणून सगळ्यांना देत नाही.

यावर आमचं अजून जुळलेलं नाही. या जोडीची समोरासमोर, मोठी, आपल्याकडच्या रुग्णांसह चाचणी व्हायला हवी, असं दोघांचंही मत आहे. ती होईपर्यंत माझ्या आयसीयूत चढ्या नॉरॲडवरच्या न्यूमोनियाला ५० मायक्रोग्रॅमची गोळी रोज एकदा नळीतून जाते, सोडियम-पोटॅशियम रोज सकाळी पाहिलं जातं, आणि नॉरॲड थांबलं की दोन्ही औषधं त्याच दिवशी बंद होतात. सर फोनवर विचारतात, बंद केलीस ना?